पायथनमध्ये नवं काय, आणि कोणी ठरवायचं?

पायथन शिकणारा बहुतेक वेळा पहिली ओळ लिहितो ती प्रिंटची. तिसरी आवृत्ती येईपर्यंत प्रिंट लिहून पुढे अवतरणचिन्हांत मजकूर दिला की तो पडद्यावर उमटत असे. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आलं आणि त्या मजकुराभोवती कंस घालणं सक्तीचं झालं. दिसायला बदल दोन कंसांचा, पण आधीच्या सतरा वर्षांत लिहिलेल्या असंख्य प्रोग्रामांत ती जुनी ओळ होती आणि नव्या आवृत्तीत ते सगळे तिथेच ठेचकाळले. मजकूर आणि बाइट यांची फारकत यासारखे त्याहून खोल बदलही सोबत होतेच. जुनी २.७ ही आवृत्ती २०१५ मध्ये थांबवायची असं आधी ठरलं होतं. २०१४ मध्ये ती मुदत पुढे ढकलावी लागली आणि १ जानेवारी २०२० रोजी तिची देखभाल एकदाची थांबली. एका भाषेचे दोन संसार अकरा वर्षं शेजारी शेजारी चालले.

तेव्हापासून पायथनमध्ये कुणी नवी सोय सुचवली की तिच्या उपयोगाबरोबर तिचा भार कोण उचलणार हेही विचारलं जातं. या लेखात त्या वादाचा माग काढायचा आहे: तो कुठून आला, कोणत्या बाजू पुढे आल्या, आणि काय अजून सुटलेलं नाही.

प्रस्तावाची रीत

गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत पायथनवर काम सुरू केलं. ते तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित व संगणनशास्त्राच्या संशोधन संस्थेत होते. तिथल्याच 'एबीसी' या शिकण्यासाठी केलेल्या भाषेचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. एबीसी सुबक होती, पण बंदिस्त होती. बाहेरच्या माणसाला तिच्यात भर घालणं अवघड होतं. फेब्रुवारी १९९१ मध्ये बाहेर आलेल्या पायथनची घडणच वाढवता येण्यासाठी होती. मग वाढवायचं किती, हा प्रश्न तिच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

२००० साली त्याला एक रीत लागली. बदल सुचवणाऱ्याने 'पायथन एन्हान्समेंट प्रपोझल', म्हणजे पेप, लिहायचा. बदल कशासाठी, त्याचा सिंटॅक्स काय, जुन्या कोडवर परिणाम काय, आणि कोणते पर्याय विचारात घेऊन सोडून दिले, हे त्यात येतं. नाकारलेले पेपही जपून ठेवले जातात. माझ्या मते या भाषेच्या कारभारातली ही सर्वांत मोलाची सवय आहे. दहा वर्षांनी तीच कल्पना घेऊन येणाऱ्याला आधीचा नकार कारणांसकट वाचता येतो.

अंतिम शब्द मात्र गिडो यांचा. 'तहहयात हितकारी हुकूमशहा' असं बिरुदच त्यांना मिळालं होतं.

जर-तरची गोष्ट

या रीतीची पहिली मोठी कसोटी लागली ती अगदी साध्या गोष्टीवर. 'पाऊस असेल तर छत्री, नाहीतर टोपी' हे एका ओळीत सांगायची सोय पायथनमध्ये नव्हती. २००३ मध्ये पेप ३०८ आला, मांडणीचे कितीतरी पर्याय मतदानाला ठेवले गेले आणि कुठल्याच पर्यायाला स्पष्ट कौल मिळाला नाही. प्रस्ताव बारगळला.

गरज काही बारगळली नाही. लोक 'आणि' व 'किंवा' या अर्थाचे अँड आणि ऑर जोडून तेच काम उरकत होते. अशी एक ओळ घ्या: संख्या संमिश्र असेल अँड तिचा वास्तव भाग, ऑर ती संख्या. बहुतेक आकड्यांना उत्तर बरोबर येतं. पण वास्तव भाग शून्य असला की पायथन शून्याला 'खोटं' समजतं, ऑरकडे वळतं आणि वास्तव भागाऐवजी अख्खी संमिश्र संख्या हातात ठेवतं. कुठेही चूक दाखवली जात नाही, उत्तर मात्र चुकतं. जाणत्या लोकांच्या कोडमध्येही असे बग निघाले, तेव्हा सप्टेंबर २००५ मध्ये गिडो यांनी स्वतःच निर्णय घेतला आणि २००६ च्या पायथन २.५ मध्ये ही सोय आली.

त्यांनी निवडलेला क्रम आपल्या कानाला उलटा वाटतो: 'छत्री, पाऊस असेल तर, नाहीतर टोपी'. आधी उत्तर, मग अट. नेहमीचं उत्तर आधी वाचायला मिळावं, अपवाद मागून यावा, हा त्यामागचा विचार. आज लाखो लोक ही ओळ सहज वाचतात. तरी शिकवताना अट आधी शोधणारी नजर पहिल्या आठवड्यात अडखळते, हे मी वर्गात दर वर्षी पाहतो.

दोन धडे इथेच मिळाले आणि ते अजून टिकून आहेत. मतदानाने सिंटॅक्स ठरत नाही, हा एक. आणि 'ही सोय नकोच' म्हटल्याने वापर थांबत नाही, लोक आडवाटेने तेच करतात, हा दुसरा. २००४ मध्ये डेकोरेटरच्या '@' या चिन्हावरूनही असंच रान उठलं होतं. आज त्या चिन्हाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

फेरफारचा फ

तिसऱ्या आवृत्तीच्या तयारीत, २००७ मध्ये, एक प्रस्ताव मान्य झाला ज्याच्याशी आपला थेट संबंध आहे. पेप ३१३१ प्रमाणे व्हेरिएबल आणि फंक्शन यांची नावं इंग्रजीबाहेरच्या लिप्यांतही देता येऊ लागली. म्हणजे पायथन ३ मध्ये 'किंमत = 50' हे तंतोतंत चालतं.

विरोधकांचे मुद्दे वजनदार होते. जी लिपी वाचता येत नाही तिच्यातला कोड जगभरच्या लोकांनी तपासायचा कसा? रोमन 'ए' आणि रशियन 'ए' दिसायला सारखेच असतात, त्यांतून फसवणूक झाली तर? समर्थकांचं म्हणणं होतं की शाळकरी मुलांना आणि स्थानिक कारभाराचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आपल्या शब्दांत नावं देता आली पाहिजेत. जमिनीच्या नोंदींवर काम करणाऱ्याला 'फेरफार'साठी नेमका इंग्रजी शब्द शोधत बसावं लागतं, आणि रोमनमध्ये लिहायचं तर त्यातला फ पी-एचने लिहायचा की एफने, यावर एकाच टीममध्ये दोन रीती पडतात. तडजोड अशी झाली की नावं कुठल्याही लिपीत, पण इफ, फॉर, डेफ हे कीवर्ड इंग्रजीच. आणि पायथनच्या स्वतःच्या स्टँडर्ड लायब्ररीत फक्त रोमन नावं.

बारकावे मात्र राहिलेच. 'इंट' या फंक्शनला '१२३' हा देवनागरी मजकूर दिला तर ते त्याचा आकडा बिनचूक करून देतं, पण कोडमध्ये थेट १२३ असा देवनागरी आकडा लिहिला की सिंटॅक्सची चूक येते. त्याहून आपल्या जिव्हाळ्याची अडचण 'दुसऱ्या'सारख्या शब्दांतल्या अर्ध्या रची. नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरून तो टाइप केला तर नाव चालतं. र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून टाइप केला, तर पडद्यावर तेच दिसतं आणि पायथन मात्र 'न छापता येणारं अक्षर' म्हणून नाव नाकारतं. डोळ्यांना एकच असलेला शब्द एका कीबोर्डवरून चालतो, दुसऱ्यावरून अडतो. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांतून हे आपोआप आलेलं आहे. पण सर्वसाधारण नियमाचा काच कुणाला लागतो, ते इथे दिसतं.

थांबा, आणि मग बरोबरचं चिन्ह

२००९ मध्ये पेप ३००३ ने सिंटॅक्समधल्या बदलांना किमान दोन वर्षं चक्क स्थगिती दिली. कारण व्यवहारी होतं. पायपाय, जायथन, आयर्नपायथन असे पायथनचे इतर इंटरप्रिटर मागे पडत होते, त्यांना गाठायला वेळ हवा होता. फेब्रुवारी २०११ चं पायथन ३.२ नव्या सिंटॅक्सशिवाय आलं.

मग २०१८ साल. क्रिस अँजेलिको, टिम पीटर्स आणि गिडो यांच्या नावे असलेला पेप ५७२ एक छोटं चिन्ह मागत होता: ':='. आडवं पाहिलं तर वॉलरसच्या डोळ्यांसारखं आणि सुळ्यांसारखं दिसतं म्हणून त्याला वॉलरस ऑपरेटर म्हणतात. समजा यादीची लांबी मोजायची आहे आणि ती दहापेक्षा जास्त असेल तर तोच आकडा संदेशात छापायचा आहे. जुन्या रीतीने 'लांबी = लेन(यादी)' ही एक ओळ, खाली 'इफ लांबी > १०:' ही दुसरी. नव्या रीतीने 'इफ (लांबी := लेन(यादी)) > १०:' एवढीच.

पायथनने अटीच्या आत '=' ला आधीपासून मज्जाव केला होता, तोही मुद्दाम. सी भाषेत तुलनेच्या '==' ऐवजी चुकून '=' पडलं तर अट तपासली न जाता किंमतच बदलते, आणि ही चूक शोधता शोधता दिवस जातो. नव्या प्रस्तावाने चिन्ह वेगळं ठेवून हा धोका टाळला. पीटर्स यांनी स्वतःच्या जुन्या कोडमध्ये फिरून सोय कुठे उपयोगी पडेल आणि कुठे वाचण्याला मारक ठरेल, दोन्हींची उदाहरणं दिली. गिडो यांनी ड्रॉपबॉक्समधला कोड चाळला आणि त्यांना आढळलं की एक ओळ वाचवायला लोक तेच गणित दोनदा करायलाही तयार असतात, प्रोग्राम मंदावला तरी.

विरोधकांची बाजू साधी होती. एक गोष्ट करायचा शक्यतो एकच उघड मार्ग असावा हे पायथनचं जुनं तत्त्व. आता किंमत ठेवायच्या दोन रीती, त्यांचे नियम वेगळे, आणि कुठे कोणती वापरायची हे नवशिक्याने शिकायचं. एका ओळीची बचत लिहिणाऱ्याला एकदा मिळते, ती ओळ उलगडण्याचे कष्ट मात्र वाचणाऱ्याला दर वेळी पडतात. मला हा युक्तिवाद आजही खोडता आलेला नाही, जरी मी स्वतः ते चिन्ह अधूनमधून वापरतो.

प्रस्ताव मंजूर झाला. १२ जुलै २०१८ रोजी गिडो यांनी निर्णयकर्त्याचं पद सोडलं. एका पेपसाठी इतकं झगडावं लागलं आणि तरी इतक्या लोकांचा रोष पत्करावा लागला, आता पुन्हा ते नको, असा त्यांच्या निरोपाचा सूर होता. कुणाला वारस नेमून गेले नाहीत.

पाच जणांचं मंडळ

पुढे कारभार कसा चालावा यावर सात प्रस्ताव आले. डिसेंबर २०१८ मध्ये कोअर डेव्हलपरांनी मत देऊन पाच जणांच्या सुकाणू मंडळाची रचना निवडली: प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर निवडणूक, आणि एकाच कंपनीतले दोनांहून अधिक सदस्य नाहीत. दुसरी अट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण पायथनवर पूर्णवेळ काम करणाऱ्यांचे पगार मोठ्या कंपन्या देतात.

या व्यवस्थेबद्दल दोन मतं आहेत. एका मताने भाषेचं ओझं एका माणसाच्या खांद्यावरून उतरलं आणि कारणं लेखी येऊ लागली. दुसऱ्या मताने भाषेची चव सांभाळणारी एक नजर हरपली; समिती प्रत्येक प्रस्ताव सुटा सुटा तोलते आणि प्रत्येक प्रस्ताव सुटा पाहिला तर बराच वाटतो. २०२० च्या ३.९ पासून दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते, त्यामुळे दुसऱ्या मताला धार आली आहे.

मंडळाच्या सुरुवातीच्या मोठ्या निर्णयांपैकी एक पॅटर्न मॅचिंगचा. एका किमतीचे अनेक पर्याय ओळीने तपासण्याची सोय २००१ पासून मागितली जात होती. २००७ च्या पायकॉन या पायथन परिषदेत गिडो यांनी भाषणातच हात वर करायला सांगितले, पाठिंबा दिसला नाही, आणि त्यांचा स्वतःचाच पेप ३१०३ फेटाळला गेला. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० मध्ये तीच मागणी पुष्कळ मोठ्या रूपात आली. मॅच-केस नुसती तुलना करत नाही, ते माहितीचा आकार ओळखून तिचे तुकडे नावांत भरतं.

वाद नेमका तिथेच. 'नसापडले = ४०४' असं आधी लिहून ठेवलं आणि पुढे 'केस नसापडले:' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं उत्तर ४०४ शी ताडून पाहिलं जातंय. प्रत्यक्षात पायथन आलेलं उत्तर, ते काहीही असो, 'नसापडले' या नावात भरतं आणि केस लागू झाली असं मानतं. त्याखाली आणखी केस असतील तर चूक दाखवली जाते. शेवटचीच केस असेल तर काहीच नाही. नावात टिंब असेल तर मात्र तुलना होते. समर्थक म्हणतात, पॅटर्न असलेल्या भाषांत हाच प्रघात आहे. टीकाकार म्हणतात, पायथनमध्ये इतरत्र नावाचा अर्थ 'त्यातली किंमत' असा होतो, इथेच तो फिरतो. पर्यायी चिन्हं सुचवणारे पेप नाकारले गेले. मंडळाने कारणं दिली, पण आक्षेप विरलेला नाही.

कुलूप काढायचं की ठेवायचं

आजचा सर्वांत मोठा प्रश्न सिंटॅक्सचा नाही. पायथनच्या मुख्य इंटरप्रिटरमध्ये 'गिल' नावाचं एक सर्वव्यापी कुलूप आहे. प्रत्येक वस्तूला किती जण धरून आहेत याची मोजणी पायथन ठेवतं. शून्य झाली की वस्तू पुसली जाते. दोन थ्रेडनी एकाच क्षणी मोजणी बदलली तर आकडा चुकेल आणि वापरात असलेली वस्तू पुसली जाईल. म्हणून एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवायची मुभा. परिणामी सोळा कोअरचा संगणक घेतला तरी एका प्रोसेसमधला शुद्ध पायथन कोड एका वेळी एकाच कोअरवर चालतो.

कुलूप काढायचे प्रयत्न जुने आहेत: १९९० च्या दशकात ग्रेग स्टाईन यांचा, २०१६ मध्ये लॅरी हेस्टिंग्ज यांचा 'गिलेक्टमी'. दोन्ही वेळा एकाच थ्रेडचे साधे प्रोग्राम फार मंदावले, आणि तसं होता कामा नये ही गिडो यांची २००७ पासूनची जाहीर अट होती. सॅम ग्रॉस यांच्या पेप ७०३ ने मोजणीची पद्धतच बदलली. वस्तू ज्या थ्रेडने निर्माण केली त्याच्यासाठी स्वस्त मोजणी, इतरांसाठी महाग पण सुरक्षित. जुलै २०२३ मध्ये मंडळाने होकाराचा इरादा जाहीर केला आणि ऑक्टोबरमध्ये तो पक्का केला. काम तीन टप्प्यांत व्हायचं: आधी प्रयोग, मग अधिकृत पण ऐच्छिक, शेवटी तीच मूळ आवृत्ती. फार नुकसान दिसलं तर मागे फिरायची मोकळीक राखली.

ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये प्रयोग आला, तेव्हा एका थ्रेडच्या चाचण्यांत सुमारे ४० टक्के तूट होती. ३.१४ मध्ये ती साधारण ५ ते १० टक्क्यांवर आली आणि दुसरा टप्पा सुरू झाला. यंत्रशिक्षणाचं काम करणाऱ्यांसाठी ही मोठी सुटका आहे. दुसऱ्या बाजूला सी मध्ये लिहिलेल्या हजारो लायब्ररी सांभाळणारी माणसं आहेत, बरीचशी बिनपगारी. कुलूप आहे असं धरून लिहिलेला त्यांचा कोड आता ओळ न् ओळ तपासायचा, आणि दोन्ही प्रकारांसाठी वेगवेगळा बांधून द्यायचा. पाच टक्क्यांची तूट ज्यांना थ्रेड लागतच नाहीत त्यांनी का सोसायची, हाही प्रश्न रास्त आहे.

टाइपची दुहेरी भाषा

२०१५ च्या ३.५ पासून पेप ४८४ प्रमाणे 'हा आकडा, हा मजकूर' अशा टाइपच्या खुणा कोडमध्ये लिहिता येतात. त्या कधीही सक्तीच्या होणार नाहीत असं पेपमध्येच म्हटलं आहे. नियमाने त्या ऐच्छिकच राहिल्या. मोठ्या कंपन्यांत मात्र कामाच्या शिस्तीने त्या जवळजवळ अनिवार्य झाल्या, आणि खुणांशिवाय शिकलेला विद्यार्थी तो कोड उघडतो तेव्हा त्याला वेगळीच भाषा दिसते.

या खुणा केव्हा वाचायच्या यावरून झालेली ओढाताण बोधक आहे. पेप ५६३ प्रमाणे त्या नुसता मजकूर म्हणून साठवायच्या आणि ३.१० पासून हाच मूळ नियम व्हायचा होता. एप्रिल २०२१ मध्ये, आवृत्ती तोंडावर आली असताना, पायडँटिक आणि फास्टएपीआय सांभाळणाऱ्यांनी दाखवून दिलं की त्यांच्या लायब्ररी प्रोग्राम चालतानाच या खुणा वाचतात आणि त्या मोडतील. मंडळाने पाऊल मागे घेतलं. ३.१४ मध्ये पेप ६४९ चा वेगळा तोडगा आला: खुणा गरज पडेल तेव्हाच उलगडायच्या. जुन्या रीतीची ओळ ३.१३ चं आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे २०२९ च्या ऑक्टोबरपर्यंत, तरी चालू राहील.

शेजारी काय करतात

जावास्क्रिप्टची समिती टीसी३९ टप्प्याटप्प्याने एकमताने चालते आणि जुनी वेबपानं मोडायची नाहीत हा तिचा पहिला नियम. यादी सपाट करणाऱ्या पद्धतीचं 'फ्लॅटन' हे नाव मूटूल्स या जुन्या लायब्ररीने आधीच वापरलं होतं, म्हणून २०१९ च्या मानकात ते 'फ्लॅट' झालं. पीएचपीत मतदान होतं आणि दोन तृतीयांश बहुमत लागतं. रुबीत अजूनही युकिहिरो मात्सुमोतो यांचाच शब्द शेवटचा. यांपैकी एक रीत दुसरीहून बरी ठरली असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही.

जे टांगलेलं आहे

'काहीच नाही' या अर्थाच्या 'नन'साठी पेप ५०५ ने २०१५ मध्ये प्रश्नचिन्हाचे ऑपरेटर मागितले. सी शार्प, स्विफ्ट, कोटलिन यांत अशी सोय आहे, २०२० पासून जावास्क्रिप्टमध्येही. बाहेरून येणाऱ्या अर्धवट माहितीत खोल शिरताना दर पायरीवर 'हे आहे का' विचारावं लागतं, ते वाचेल, असं समर्थक म्हणतात. प्रश्नचिन्हांनी ओळ भरून जाईल आणि माहिती का नाही हा खरा प्रश्नच झाकला जाईल, असं विरोधक म्हणतात. पेप ना मंजूर ना नामंजूर, स्थगित आहे.

आळशी इम्पोर्टचा प्रवास निराळा झाला. प्रोग्राम सुरू होताना सगळ्या लायब्ररी चढवण्यात वेळ जातो; लागतील तेव्हाच चढवाव्यात, अशी कल्पना. पेप ६९० मध्ये अख्ख्या प्रोग्रामसाठी एकच कळ होती. २०२२ मध्ये मंडळाने तो नाकारला, कारण मग प्रत्येक लायब्ररीला कळ चालू आणि बंद अशा दोन्ही परिस्थितींत तपासावं लागलं असतं आणि पायथनचे दोन तुकडे पडले असते. २०२५ चा पेप ८१० म्हणतो की ज्याला हवं त्याने त्या ओळीपुढे 'लेझी' असा शब्द लिहावा. भार मागणाऱ्यावरच राहिला, आणि तो ३.१५ साठी मान्य झाला.

गिलच्या तिसऱ्या टप्प्याची तारीख ठरलेली नाही. किती लायब्ररी तयार झाल्या आणि मंदपणा कितीवर आला हे पाहून तेव्हाचं मंडळ ठरवेल, आणि त्या मंडळात आजच्या पाचांपैकी कोण असेल हे दर वर्षीच्या निवडणुकीवर आहे. तोवर लायब्ररी सांभाळणाऱ्याने कुलूप असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही पायथनांवर आपला कोड चालवून पाहायचा आहे.